उसनी गाडी

२६ सप्टेंबर १९९९. जर्मनीतल्या न्युर्बर्गरिंगवर फॉर्म्युला वनच्या शर्यतीत एकाच दुपारी दोन इटालियन ड्रायव्हर रडले. पाऊस येऊन-जाऊन होता आणि पहिला नंबर त्या दिवशी कुणाच्याच हातात टिकत नव्हता. फ्रेन्ट्सन पुढे होता, त्याची गाडी बंद पडली. कुल्टहार्ड पुढे आला, तो ओल्या रस्त्यावर घसरून बाहेर गेला. असं होता होता आघाडी आली जांकार्लो फिसिकेलाकडे. मधल्या फळीतल्या बेनेटनमध्ये बसलेला, तोवर एकही शर्यत न जिंकलेला माणूस. त्याच्या हातून गाडी सुटली, गरकन फिरली आणि खेळ खलास.

थोड्याच वेळानं लूका बादोएर थांबला. तो चौथा होता, आणि तोही मिनार्डीत! मिनार्डी म्हणजे फाएन्त्सा गावचा, कायम पैशांची ओढाताण असलेला संघ. चार वर्षांत त्यांना एक गुणसुद्धा मिळाला नव्हता. तेव्हा गुण पहिल्या सहांनाच मिळत, म्हणजे चौथ्याला तीन. तेरा फेऱ्या उरल्या असताना बादोएरचा गिअरबॉक्स गेला. तो खाली उतरला आणि गाडीवर डोकं टेकवून हुंदके देत राहिला. ते दृश्य ज्यांनी पाहिलं ते विसरलेले नाहीत.

फिसिकेलाचं नुकसान त्याच्याच हातानं झालं. बादोएरनं काहीच चुकीचं केलं नव्हतं. पण निकालाचा तक्ता उघडून पाहा, दोघांच्या नावापुढे एकच शेरा आहे: शर्यत अपूर्ण. त्याच दिवशी बादोएरचा सहकारी मार्क जेने सहावा आला आणि मिनार्डीला एक गुण मिळाला. पुढचे एकेक गळत गेले म्हणून मिळाला, आणि त्या गळालेल्यांत खुद्द बादोएरही होता.

दहा वर्षांनी हे दोघे रडलेले गृहस्थ एकापाठोपाठ एक एकाच गाडीत बसले. ती फेरारी होती, आणि खरं तर दोघांचीही नव्हती. ड्रायव्हर मोठा की गाडी, हा वाद मी आयुष्यात भरपूर घातला आहे, चहावर आणि चहाशिवाय. त्या वादात मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते शूमाकर-सेन्नांनी नव्हे. शिकवलं ते २००९ सालच्या त्या एका रिकाम्या सीटनं.

ती रिकामी झाली ती अशी. २५ जुलै २००९, हंगेरीची पात्रता फेरी. रुबेन्स बॅरिकेलोच्या गाडीची एक स्प्रिंग निसटली, ट्रॅकवर उड्या मारत आली आणि मागून येणाऱ्या फेलिपे मासाच्या हेल्मेटवर आदळली. बॅरिकेलो साओ पाउलोचा, मासाही साओ पाउलोचा. एक-दोन सेकंद इकडे-तिकडे झाले असते तर ती स्प्रिंग गवतात पडली असती. मासा वाचला, पण त्याचा हंगाम संपला. आदल्याच वर्षी हा माणूस एका गुणानं जगज्जेता व्हायचा राहिला होता. ब्राझीलमधल्या इंटरलागोसला त्यानं शर्यत जिंकली आणि पुढची काही सेकंद तो जगज्जेता होतासुद्धा. मग शेवटच्या वळणाला प्रतिस्पर्धी हॅमिल्टननं पुढच्या ग्लोकला गाठलं आणि किताब हिसकावला. पण ते जाऊ द्या, मासाच्या नशिबावर लिहायला बसलो तर दुसरं काहीच लिहून होणार नाही.

फेरारीनं आधी निवृत्त शूमाकरला बोलावलं. मोटरसायकलच्या अपघातात दुखावलेली त्याची मान साथ देईना. मग नाव आलं बादोएरचं. अडतीस वर्षांचा. शेवटची शर्यत १९९९ सालची. पण मधली सगळी वर्षं तो फेरारीचाच चाचणी ड्रायव्हर होता. फियोरानोच्या ट्रॅकवर त्यानं हजारो किलोमीटर गाडी चालवली होती, शूमाकरच्या सलग पाच जगज्जेतेपदांच्या काळात. १९९९ मध्ये शूमाकरचा पाय मोडला तेव्हाही त्याला वाटलं असणार की आता आपली पाळी. तेव्हा फेरारीनं मिका सालोला घेतलं होतं.

आता पाळी आली आणि जगानं त्याची टिंगल केली. व्हॅलेन्सियाला पात्रता फेरीत शेवटचा. सरावात पिटमध्ये (टायर-दुरुस्तीसाठी थांबायच्या गल्लीत) वेगमर्यादा मोडली म्हणून वारंवार दंड. पुढची शर्यत बेल्जियममधल्या स्पा इथे, तिथेही पात्रता फेरीत शेवटचा आणि निकालातही शेवटचा. आणि ती शर्यत जिंकली कुणी? किमी रायकोनेननं, शेजारच्या फेरारीत बसून. एकच कारखाना, एकच इंजिन, एकच दिवस. एक गाडी पहिली, दुसरी शेवटची. ‘सगळी गाडीची कमाल’ म्हणणाऱ्यांनी हा निकाल उशाशी ठेवून झोपावं.

पण मी बादोएरची बाजू थोडी घेणार आहे, सगळी नाही. २००९ पासून हंगाम सुरू असताना चाचण्या घ्यायला बंदी आली होती. म्हणजे ज्या माणसाचा धंदाच चाचणीचा, त्याला त्या वर्षीच्या गाडीत सरावच नव्हता. त्या वर्षी टायर बदलले होते, पंख बदलले होते, केर्स नावाचं प्रकरण नवीन आलं होतं. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवायची आणि बटण दाबून एका फेरीत साधारण साडेसहा सेकंद ऐंशी हॉर्सपॉवर जादा घ्यायची. त्यामुळे मागच्या ब्रेकची जातकुळीच बदलते. हे सगळं त्याला शिकायचं होतं शर्यतीच्या शुक्रवारी, अख्ख्या जगासमोर. आणि दहा वर्षं एकट्यानं फेऱ्या मारलेल्या माणसाला आजूबाजूला एकोणीस गाड्या असल्यावर काय वाटत असेल, ते त्यालाच ठाऊक.

बाजू घेणार नाही ती एवढ्यासाठी, की तरीही तो फारच मागे होता. सेकंद-दीड सेकंद हे या खेळात मैलांचं अंतर असतं.

त्या स्पाच्या शर्यतीत दुसरा कोण आला ते आपल्याकडच्या लोकांना आठवत असेल. फिसिकेला, फोर्स इंडियात! विजय मल्ल्यांचा संघ. कारखाना सिल्व्हरस्टोनला, कामगार इंग्लंडचे, पण नावात इंडिया आणि गाडीवर तिरंग्याचे पट्टे. तोवर या संघाला फॉर्म्युला वनमध्ये एकही गुण मिळाला नव्हता, आणि फिसिकेलानं थेट पोल मारली, म्हणजे पात्रता फेरीत पहिला आला. आपल्याकडे ते गणपतीचे दिवस होते, घरात पाहुणे, आणि रविवार संध्याकाळ. साताऱ्याहून आलेले माझे मामा टीव्हीसमोर बसले होते. मामांनी उभं आयुष्य एसटी चालवली, तीही घाटाच्या रूटवर. त्यांना फॉर्म्युला वनमधलं काही कळत नव्हतं असं मी समजत होतो.

सुरुवातीला अपघात झाला, सगळ्यांचा वेग रोखणारी सेफ्टी कार आली, ती बाजूला झाली आणि लगेचच्या सरळ रस्त्यावर रायकोनेननं बटण दाबून फिसिकेलाला मागे टाकलं. फोर्स इंडियात केर्स नव्हतं. मी मामांना समजावून सांगितलं, “पुढच्याकडे जादा ताकदीचं बटण आहे मामा, मागच्याकडे नाही.”

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बटण न्हाय म्हणतोस, मग तो अजून तिथंच कसा हाय?”

आणि तो खरंच तिथंच होता. चव्वेचाळीस फेऱ्यांची शर्यत. शेवटी दोघांत एक सेकंदाचंही अंतर नव्हतं. बटणानं सरळ रस्त्यावर जे कमावलं जात होतं ते वळणावळणांत परत मिळवलं जात होतं. आता हे मिळवत कोण होतं, फिसिकेला की ती गाडी? मामांचं मत फिसिकेलाच्या बाजूनं पडलं. ते पडद्यावर ब्रेक कधी दाबतो हे पाहत नव्हते, कधी सोडतो हे पाहत होते. “दाबाया कुणालाबी येतंय,” हे त्यांचं म्हणणं. मी पुढे शर्यतीच्या इंजिनिअर लोकांचं लिखाण वाचलं तेव्हा त्यातही हेच निघालं: वळणात शिरताना ब्रेक किती हळुवार सोडतो, पुढच्या चाकांवरचं वजन किती वेळ राखतो, त्यात ड्रायव्हर कळतो.

याच स्पाच्या निकालानंतर फेरारीनं बादोएरला बाजूला केलं आणि फिसिकेलाला बोलावलं. इटालियन ड्रायव्हरला फेरारी मिळणं, तेही पुढची शर्यत मोंझाला, म्हणजे घरच्या अंगणात. मल्ल्यांनी त्याला सोडलं. तो गेला. मोंझाला तो नववा आला, आणि तेव्हा गुण आठव्यापर्यंतच होते. त्यानं सोडलेल्या फोर्स इंडियाच्या संघाचा आद्रियान सुटिल त्याच शर्यतीत चौथा आला, वर शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरीही त्याचीच. तिसरा कोण? फेरारीतला रायकोनेन. फिसिकेला फेरारीत पाच शर्यती धावला आणि एकही गुण न घेता हंगाम संपला.

आता सांगा, स्पाचा दुसरा क्रमांक कुणाचा? पंधरा दिवस उलटले न उलटले तोच सगळे म्हणू लागले, की ती गाडीच चांगली होती, लांब सरळ रस्त्यांच्या ट्रॅकवर हवा कापत जाणारी; फिसिकेला नुसता आत बसला होता. पंधरा दिवसांपूर्वी हेच लोक त्याला फेरारीत बसवा म्हणत होते.

फिसिकेलाचा इतिहास काढला तर हे प्रकरण आणखी गुंतत जातं. या खेळात ड्रायव्हर तोलायचा एकच तराजू सगळे मानतात: सहकारी. दोघांकडे एकच गाडी, तेव्हा जो पुढे तो सरस. ठीक. २००१ मध्ये बेनेटनमध्ये फिसिकेलाचा सहकारी होता जेन्सन बटन. फिसिकेलाला आठ गुण, बटनला दोन. हाच बटन पुढे २०१० ते २०१२ अशी तीन वर्षं मॅक्लारेनमध्ये लुईस हॅमिल्टनच्या शेजारी बसला. तिन्ही वर्षांची बेरीज केली तर बटन ६७२, हॅमिल्टन ६५७. हॅमिल्टन आपल्या पहिल्याच हंगामात, २००७ मध्ये, फर्नांडो अलॉन्सोच्या शेजारी होता, आणि दोघांचे गुण बरोबर सारखे: १०९. आणि अलॉन्सो? २००५ आणि २००६ मध्ये रेनॉमध्ये त्याचा सहकारी होता फिसिकेला. दोन वर्षांत अलॉन्सो २६७, फिसिकेला १३०.

म्हणजे फिसिकेला बटनहून भारी, बटन हॅमिल्टनहून भारी, हॅमिल्टन अलॉन्सोच्या तोडीचा आणि अलॉन्सो फिसिकेलाच्या दुप्पट. तराजू फिरून तिथंच आला. आणखी एक गाठ राहिलीच: २००४ मध्ये साउबरमध्ये फिसिकेलाला २२ गुण आणि त्याच्या सहकाऱ्याला १२. तो सहकारी म्हणजे हाच मासा, ज्याच्या सीटवर पाच वर्षांनी तो बसायचा होता. त्या मासानं २००८ मध्ये फेरारीत रायकोनेनला ९७ विरुद्ध ७५ असं मागे टाकलं. या हिशेबानं फिसिकेला रायकोनेनच्या कितीतरी पुढे हवा. प्रत्यक्षात काय झालं ते वर आलंच आहे.

कुणी म्हणेल, ही सगळी गुणांची बेरीज, बिघाड-अपघात वजा करून बघा. बघितलं तरी वर्तुळ मोडत नाही, थोडं चेपतं. बटन २००१ मध्ये एकवीस वर्षांचा होता, दुसराच हंगाम, आणि त्या वर्षीची बेनेटन रडतखडत चालायची. २०११ चा बटन हा दुसराच माणूस. ज्या हॅमिल्टनला त्यानं मागे टाकलं त्याचं ते वर्ष सगळ्याच बाजूंनी बिनसलेलं होतं. एकाच नावाची ही वेगवेगळ्या वर्षांतली वेगवेगळी माणसं आहेत.

फिसिकेलाबद्दल मी माझ्यापुरता एक निर्णय घेऊन टाकला आहे. वाईट गाडीत तो पहिल्या दर्जाचा होता आणि चांगल्या गाडीत दुसऱ्या. ऐकायला हे विचित्र वाटेल, पण या दोन कामांना लागणारे गुण वेगळे आहेत. वाईट गाडी दर वळणाला काहीतरी नवीन नखरा करते, तिथं हातात उपजत सावरणं लागतं आणि कुणाच्या अपेक्षा नसतात. चांगल्या गाडीत दर पंधरा दिवसांनी, न चुकता, शेवटचा दशांश सेकंद पिळून काढावा लागतो, आणि शेजारी अलॉन्सो असतो. शिवाय त्या रेनॉचं मागचं अंग जड, टायर मिशेलिनचे. अलॉन्सो तिचं स्टिअरिंग इतक्या झटक्यानं फिरवायचा की पुढची चाकं आधी थोडी घसरत आणि मग पकड घेत. पाहताना ओबडधोबड दिसायचं, पण त्या गाडीला तेच मानवायचं. फिसिकेलाचा हात मऊ. मऊ हात हा काही दोष नव्हे; बटनचाही मऊच होता, आणि २००९ मध्ये ब्रॉनच्या गाडीचं मागचं अंग स्थिर मिळाल्यावर त्यानं पहिल्या सातांपैकी सहा शर्यती जिंकल्या. त्याच्या आदल्या वर्षी, होंडात, बटनचे अख्ख्या हंगामाचे गुण होते तीन.

मामांच्या डेपोतही हा वाद रोजचाच होता, असं नंतर बोलण्यातून निघालं. ड्रायव्हर चांगला की वाईट हे ठरवायला डिझेलचा हिशेब असायचा: दहा लिटरमध्ये किती किलोमीटर. त्याला केपीटीएल म्हणत. आकडे लागले की पहिला प्रश्न, रूट कुठला? सपाटीवर धावणारा आणि दिवसातून दोनदा घाट चढणारा, दोघे एकाच यादीत. दुसरा प्रश्न, गाडी कुठली? नवी मिळालेला वर आणि खडखडाटी मिळालेला खाली. मामा म्हणाले, “यादी सायबासाठी. आमाला ठाव असायचं कोण काय हाय ते.” कसं ठाऊक असायचं? वर्कशॉपमधून. कुणाच्या हातात ब्रेकचे लायनर किती दिवस टिकतात, क्लच प्लेट कुणाची जळते, हे मिस्त्री लोकांपासून लपत नसे.

फॉर्म्युला वनमध्येही आतल्यांना असं पुष्कळ ठाऊक असतं. दोन्ही सहकाऱ्यांच्या फेऱ्यांचे आलेख इंजिनिअर एकमेकांवर ठेवून बघतात: ब्रेक कुठे, किती जोरात, स्टिअरिंग किती अंशात, गॅस कधी. तिथं लपवायला जागा नसते. पण हे आलेख एकाच संघातल्या दोघांचे. दुसऱ्या संघातल्या माणसाबद्दल तेही आपल्यासारखेच अंदाज बांधतात. फेरारीनं फिसिकेलाला घेतलं ते स्पाची शर्यत पाहून, जी मी आणि मामांनीही पाहिली होती.

या वादात लोक ‘गाडी’ हा शब्द असा वापरतात, की जणू ती आकाशातून पडते आणि मग तिच्यात कुणीतरी बसतं. मला तर २००० ते २००४ मधल्या फेरारी पाहिल्या की बादोएर आठवतो. कोणतं सस्पेन्शन ठेवायचं, कोणता टायर किती फेऱ्यांनी मरतो, गिअर बदलताना कुठे अडखळतं, हे ठरवण्यात त्याच्या पाठीनं आणि तळव्यांनी खाल्लेले धक्के आहेत. शूमाकर गाडीमुळे जिंकला असं म्हणायचं तर त्या गाडीचा एक भाग बादोएर होता, आणि दुसरा खुद्द शूमाकर. संघाला आपल्याभोवती उभं करणं हेही कौशल्यच. पन्नासच्या दशकातल्या फान्जिओनं पाच जगज्जेतेपदं चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत मिळवली, आणि दर वेळी त्याला उत्तम गाडीच कशी मिळाली याला लोक नशीब म्हणतात. मी म्हणतो, माणसाला नाक होतं. अलॉन्सोला हात फान्जिओच्या तोडीचा होता, नाक नव्हतं.

याच्या उलट जाणारं दुसरं उदाहरण २०२० चं आहे. हॅमिल्टनला कोरोना झाला आणि बहरीनच्या साखीर शर्यतीसाठी मर्सिडीजनं जॉर्ज रसेलला बोलावलं. रसेल विल्यम्समध्ये दुसरं वर्ष घालवत होता आणि त्याच्या नावावर एकही गुण नव्हता. उंच माणूस, हॅमिल्टनच्या गाडीत पाय मावेनात म्हणून एक नंबर लहान बूट घालून बसला. पात्रता फेरीत तो मर्सिडीजच्या वाल्टेरी बोटासपेक्षा फक्त ०.०२६ सेकंदानं मागे, आणि शर्यत सुरू होताच पुढे. जिंकणारच होता. मग पिटमध्ये घोटाळा झाला, त्याच्या गाडीला बोटासचे टायर लागले, परत यावं लागलं. तिथून पुन्हा गाड्या मागे टाकत दुसऱ्या नंबरवर आला तर टायर पंक्चर. शेवटी नववा. जिंकला सर्जिओ पेरेझ, जो पहिल्याच फेरीत टक्कर होऊन सगळ्यांत मागे गेला होता.

उसनी गाडी बादोएरलाही मिळाली, फिसिकेलालाही, रसेललाही. फेरारीचा धडा घेतला तर ड्रायव्हरच सर्वस्व, आणि साखीरचा घेतला तर गाडीच सर्वस्व: गुणांच्या यादीत शून्यावर असलेला पोरगा बसवला तरी ती पुढेच धावते. मी दोन्ही धडे घेत नाही. रसेल मर्सिडीजच्याच मुशीतला, त्यांच्या गाड्या त्यानं आधी चालवलेल्या, ट्रॅक जेमतेम चोपन्न सेकंदांचा आणि मोजक्या वळणांचा, गाडी त्या वर्षीची निर्विवाद उत्तम. फिसिकेला छत्तिसाव्या वर्षी अनोळखी गाडीत. ती फेरारीही तेव्हा कारखान्यानं जवळजवळ सोडून दिलेली. सगळं लक्ष पुढच्या वर्षीच्या गाडीवर. मोंझानंतरच्या चार शर्यतींत रायकोनेनही पहिल्या तिनात एकदाही आला नाही. म्हणजे तुलना करायची तर दोन परीक्षांचे पेपरच वेगळे होते.

आकडेशास्त्राच्या लोकांनी या प्रश्नाला हात घातला नाही असं नाही. शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये १९५० पासूनच्या निकालांतून संघाचा वाटा आणि ड्रायव्हरचा वाटा वेगळा काढायचा प्रयत्न केला. पहिला आला फान्जिओ. संघाचा वाटा ड्रायव्हरपेक्षा मोठा निघाला, आणि काळ पुढे सरकला तसा तो वाढतच गेला. पावसात आणि शहरातल्या रस्त्यांवरच्या ट्रॅकवर मात्र संघाचं वजन कमी होऊ शकतं, असंही त्यात दिसलं. अभ्यास चांगलाच आहे. पण आत डोकावलं तर त्यालाही दोरी सहकाऱ्यांचीच लागते: हा त्याच्याबरोबर धावला, तो दुसऱ्याबरोबर, अशी साठ-पासष्ट वर्षांची साखळी. त्या साखळीत कुठेतरी फिसिकेला बसलेला आहे, एका बाजूला बटन आणि दुसऱ्या बाजूला अलॉन्सो धरून.

आपल्या नारायण कार्तिकेयनचंही असंच. फोर्स इंडिया होण्याआधी तो संघ जॉर्डन नावानं धावायचा, आणि २००५ मध्ये कार्तिकेयन त्यात होता. इंडियानापोलिसला मिशेलिनचे टायर शेवटच्या तिरप्या वळणावर फुटण्याची भीती निघाली, म्हणून चौदा गाड्या सुरुवातीलाच पिटमध्ये परतल्या. उरल्या सहा: दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. कार्तिकेयन चौथा आला, पाच गुण, त्याच्या फॉर्म्युला वनमधल्या कमाईतले एकूण एक. आपल्याकडे आधी पेढे वाटल्यासारखं झालं आणि मग ‘सहांत चौथा’ म्हणून हेटाळणी. दोन्ही मला पटलं नाही. पुढे फेरारी आणि स्वतःचा सहकारी, मागे मिनार्डी. जॉर्डन जिथं यायची तिथं आली. कोइम्बतूरहून निघून त्या सीटपर्यंत पोहोचणं हे त्याचं खरं काम, आणि ते कुठल्याही तक्त्यात नाही. तक्त्यात एवढंच आहे की कार्तिकेयनचे पाच गुण आणि बादोएरचे शून्य. सर्वाधिक शर्यती धावूनही एकही गुण न मिळालेला ड्रायव्हर हा विक्रम बादोएरच्याच नावावर लागला. न्युर्बर्गरिंगचा गिअरबॉक्स तेरा फेऱ्या टिकता तर तो लागला नसता.

फिसिकेलाची एकूण जमा मात्र तीन विजयांची आहे. त्यातला पहिला ब्राझीलचा, २००३ चा, जॉर्डनमधला. पावसात अपघात झाले, शर्यत थांबवली आणि नियमाप्रमाणे मागच्या फेरीचा निकाल धरून रायकोनेनला विजेता म्हटलं. काही दिवसांनी फेऱ्यांचा हिशेब पुन्हा तपासला तर विजेता फिसिकेला. पुढच्या शर्यतीला, इमोलाला, रायकोनेननं त्याच्या हातात चषक दिला. स्पाला बटण दाबून पुढे गेला तो हाच रायकोनेन.

फेरारीतल्या त्या पाच शर्यतींनंतर फिसिकेला फॉर्म्युला वनमध्ये पुन्हा धावला नाही, पण फेरारी त्यानं सोडली नाही. तो ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीकडे वळला. तिथं एका गाडीला तीन ड्रायव्हर. नुसती सारखी गाडी नव्हे, तीच गाडी, तीच सीट, तेच ब्रेक, एकजण उतरला की दुसरा बसतो. ड्रायव्हर तोलायचा तर याहून चोख तराजू मिळणार नाही, आणि तिथं तोलायची कुणाला फारशी घाई नसते. २०१२ आणि २०१४ मध्ये फिसिकेलाच्या फेरारीनं आपल्या वर्गात बाजी मारली. निकालात एकाच ओळीत तीन नावं आहेत: फिसिकेला, टोनी विलँडर आणि जानमारिया ब्रूनी. यातला ब्रूनी मोटारींच्या या प्रकारातला जगातल्या सर्वोत्तमांपैकी एक समजला जातो. तोही एकदा फॉर्म्युला वनमध्ये होता, २००४ चा हंगाम, मिनार्डीत. गुण शून्य.